डाव्या भुवईवर

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचा स्टुडिओ.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी खाली, बारीक,
आणि त्याहून बारीक मी, आत, पडद्यामागं,
दोनशे टक्के झूम करून
लोकांच्या कातडीत.

बावीस वर्षं हेच.
उद्यमबागच्या फौंड्रीत ठिणग्यांनी टोचलेले गाल,
बायोडाट्याच्या पोरींची मुरमं,
एकीच्या हनुवटीवरचं गोंदण –
आजीनं धरून गोंदवलं मॅडम, काढा.
काढलं.
शेजारची बरी त्वचा उचलायची, डागावर ठेवायची.
शेजारचीच लागते.
लांबची आणली तर रंग जुळत नाही.
आणि फार पुसलं तर
तोंड साबणाच्या वडीसारखं होतं,
म्हणून चार रंध्रं ठेवायची
येणाऱ्या-जाणाऱ्याला घाम दिसावा इतपत.

कल्लाप्पा मोदगेकर वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी
त्यांचा भरमा आला. मोबाईलमध्ये एकच फोटो,
नातीनं काढलेला, ती अर्धी, आजोबा अर्धे.
तिला कापलं. मागचं कपाट कापलं.
सुरकुत्या धरायला घेतल्या तर म्हणाला,
ते र्‍हाऊ दे. ही खूण बघा.
भुवईवरची. लाठी बसलेली, आंदोलनात.
दिसूलालंय काय कुठं?
जरा वाढवा की.

वाढवा.
असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.
माझा हात पुसायला शिकलेला,
जखम करायला ब्रश कुठला घ्यायचा तेच सुचेना.
मूळ थर तसाच ठेवला, त्याचा डोळा मिटला,
वर नवा थर घेतला.
कडेला काळसर, मध्ये फिकट गुलाबी,
एक बोट लांब. भरमा खुर्चीमागं उभा.
आणखी. आणखी थोडी.
बास, म्हणाला, आता बाबा वाटूलालेत.

चौकात फ्लेक्स लागला, दहा बाय आठ.
वर कन्नड, खाली मराठी, मध्ये ती खूण.
लोक थांबून बघत होते.
रिक्षावाला रमजान म्हणाला, काय माणूस होता.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

बाराव्याच्या आदल्या दिवशी
एक म्हातारी आली, नंदगडची,
पिशवीत फणसाचे गरे, वास सगळ्या स्टुडिओभर.
ते बोर्डावरचं तू केलंस?
मी हो म्हणाले.
खूण डावीकडं होती.

मी फाईल उघडली.
सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर.
मोबाईलनं आरशासारखा उलटा घेतलेला माणूस,
आणि मी बावीस वर्षांची कारागीर,
भुवईवर इतकी वाकले होते
की खिसा बघितलाच नाही.

आणि एवढी कुठली, म्हातारी म्हणाली.
तांदळाच्या दाण्याएवढी होती.
लाठी ना, मी विचारलं.
ती हसली नाही, पण पदर तोंडावर धरला.
कसली लाठी. जांभळीवरनं पडला.
मामाच्या, म्हणजे आमच्या परड्यात.
वर चढ म्हणून मीच सांगितलेलं.
बारा वर्षांचा होता. मी दहाची.
रक्त बघून मीच रडले, तो नाही.
मग थोडं थांबून,
लाठी पण खाल्ली असेल. ते मला काय ठाऊक.
त्या वर्षी मी गोव्यात, सासरी.

मी वरच्या थराचा डोळा मिटला.
खालचा उघडला.
आडवं उलटं कर, एवढंच दाबलं,
आणि कल्लाप्पा वळले,
खिसा जागेवर गेला,
भुवईवर, डावीकडं, एक दाणा.

कागद बाहेर येईपर्यंत ती प्रिंटरजवळ उभी होती.
पासपोर्ट साईज. ओल्या शाईला बोट लावू नका, म्हटलं,
तरी लावलंच.
आता बोर्डावरचं काय करू, मी विचारलं,
भरमाला सांगू?
नको. पोराला मोठी आवडलीय, असू दे.
मग फोटो उजेडाला धरून
बराच वेळ बघत राहिली.

अजून एक काढ, म्हणाली.
हा गऱ्यांच्या हातानं चिकट झाला.